भिवापूर, उमरेड, कुही: सात मात्रांच्या एका पार्श्वसंगीताचं प्रकरण

नागपूरच्या इतवारी ते नागभीड ही छोट्या लाइनची गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. 'नॅरोगेज' हा शब्द कागदावरचा. आमच्या घरात ती कायम 'छोटी लाइन'च होती. दोन रुळांमध्ये अडीच फुटांचं अंतर, बेताचा वेग, आणि डब्यात शेजारच्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा. गाडी बंद व्हायच्या आधीच्या काही महिन्यांत माझ्या एका मित्रानं तिच्यावर चित्रीकरण करून ठेवलं होतं. पुढे त्याचा २४ मिनिटांचा माहितीपट झाला. निवेदन ठेवायचं नाही, मुलाखती दोनच, बाकी सगळं चित्र आणि आवाज, हे त्याचं आधीपासून ठरलेलं. त्यामुळे पार्श्वसंगीतावर मोठा भार होता. ते काम माझ्याकडे आलं.

या कामात विषम मात्रांचा (मात्रा म्हणजे तालातला एक ठोका) ताल आणि पुन्हा पुन्हा येणारी एक छोटी सुरावट (आम्ही तिला सरळ 'मोटिफ' म्हणायचो) यांची सांगड कशी बसली, कुठे फसली आणि कशामुळे सुटली, ते इथे तपशिलात लिहिते आहे. विषम ताल वापरायचा म्हटलं की आपण आधी आकड्याच्या मागे लागतो. मीही लागले, आणि त्यात दोन आठवडे गेले.

झालं असं, की छोट्या लाइनचं अंतर ३० इंच आणि मोठ्या लाइनचं ६६ इंच. म्हणजे ५ ला ११. हे गणित सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही. छोट्या गाडीला पाच मात्रा, मोठ्या लाइनच्या दृश्याला अकरा! अकरा मात्रांचा रुद्रताल आपल्याकडे आहेच. मी तीन तुकडे बांधले, पियानोवर वाजवले, मित्राला ऐकवले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, यात गाडी कुठे आहे?" त्याचं बरोबर होतं. रुळांमधलं अंतर डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येत नाही. ३० आणि ६६ हे आकडे माझ्या वहीत सुंदर दिसत होते, पण प्रेक्षकाकडे ती वही नव्हती. तिन्ही तुकडे बाजूला ठेवले.

यंत्रातून ताल सापडल्याची एक गोष्ट मला तेव्हा आठवली. १९८४ च्या 'टर्मिनेटर' या चित्रपटाचं संगीत करताना ब्रॅड फिडेल यांनी सिंथेसायझरवर एक लूप हातानं बसवला. तो थोडा आधी तुटला आणि हिशेब तेराच्या घरात गेला. त्यांनी तो दुरुस्त केला नाही, कारण त्या अडखळण्यातच यंत्राची चाल होती. तेव्हा वाटलं, आपल्याकडे तर खरीखुरी गाडी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली आहे आणि आपण इंच मोजत बसलोय.

मित्राकडच्या आवाजांत कुहीच्या अलीकडच्या एका फाटकावर घेतलेली चार मिनिटं होती. माइक रुळाच्या सांध्याजवळ ठेवलेला. प्रत्येक डब्याखाली दोन बोगी (चाकांच्या चौकटी), प्रत्येक बोगीला दोन आस. पुढच्या डब्याची मागची बोगी सांध्यावरून जाते तेव्हा 'ठक-ठक' होतं, लगेच मागच्या डब्याची पुढची बोगी येते आणि पुन्हा 'ठक-ठक'. मग डब्याचा मधला भाग नुसता सरकतो. तिथे काही वाजत नाही, फक्त लाकूड-लोखंडाचं कण्हणं. मग पुन्हा ठक-ठक, ठक-ठक, आणि पोकळी. संगणकावर लहर उघडून मोजलं तर काटेकोर सात येत नाही. डब्याची लांबी तालासाठी आखलेली नसते, आणि गाडी वेग बदलत असते. पण डोळे मिटून मांडीवर हात मारला की दोन, दोन आणि तीन बसतात. पहिली जोडी दोन मात्रांत, दुसरी जोडी दोन मात्रांत, आणि तीन मात्रांची मोकळी जागा.

सात मात्रा मिळाल्या. मिनिटाला २१० मात्रांचा वेग धरला की एक आवर्तन, म्हणजे सात मात्रांचा एक फेरा, बरोबर २ सेकंदांचं होतं, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात ते ५० फ्रेममध्ये बसतं. संकलकाशी बोलायला हे फार सोयीचं. गाडीचा मूळ आवाजही मी थोडा ताणून-आवळून याच मापात बसवून घेतला आणि संगीताच्या तळाशी ठेवला.

आता मोटिफ. पहिल्या खर्ड्यात मी अख्ख्या सात मात्रा भरणारी सुरावट केली होती. एक आवर्तन, एक सुरावट. चौथ्यांदा ती आली तेव्हा दारावरच्या घंटीसारखी वाटायला लागली. त्यात गाडीची ठक-ठक आणि सुरावटीचे स्वर एकमेकांच्या अंगावर चढत होते. मग सुरावट पाच मात्रांची केली, म्हणजे ती सातावर सरकत जाईल आणि ३५ मात्रांनी, १० सेकंदांनी, पुन्हा जागेवर येईल. हेही कागदावर छान. कानाला मात्र ताल आणि सुरावट दोन्ही निसटायला लागले. ज्या श्रोत्यानं सात मात्रा अजून ओळखल्याच नाहीत, त्याला सरकणं कसं कळणार?

सुटका झाली ती मुखड्याच्या कल्पनेतून. बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी उठतो आणि समेवर येऊन पडतो. समेला 'आली' म्हणणारा तोच असतो. मी सुरावट चारच स्वरांची केली: कोमल ग, म, प आणि वरचा सा. पहिले तीन स्वर पोकळीच्या तीन मात्रांत, चौथा पुढच्या 'ठक'वर. आता गाडी जिथे गप्प होती तिथेच सुरावट बोलत होती आणि गाडी बोलायला लागली की थांबत होती. आणखी एक गोष्ट झाली, आणि या सगळ्या कामातून मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. मला सात मोजावे लागेनात. तीन स्वर चढले की चौथ्याला पाय आपोआप खाली येत होता. विषम ताल श्रोत्याला शिकवायचं काम मोटिफ करतो. तो योग्य जागी बसला तर आकडा सांगावा लागत नाही.

वादकांबरोबर पहिली बैठक मे महिन्यात ठरली, कारण तारखा तेव्हाच जुळत होत्या. नागपूरच्या मे महिन्यात ध्वनिमुद्रण करणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कूलर लावला की त्याचा आवाज माइकमध्ये, बंद केला की दहा मिनिटांत खोलीची भट्टी. वर तबल्याची गंमत वेगळी: कूलरच्या ओलसर हवेत पुडी (वरचं चामडं) सैल पडायची, तो बंद केला की कोरड्या झळेत चढायची. दर दोन-तीन टेकनंतर तबला वाजवणारे काका हातोडी घेऊन गट्टे ठोकायचे, आणि आम्ही तेवढ्यात कूलर लावून घ्यायचो. पट्टी काळी पाच ठेवली होती. क्लॅरिनेट वाजवणारे भाऊ लग्नाच्या बँडमधले, आणि त्यांच्या क्लॅरिनेटला काळी पाच म्हणजे घरची पट्टी.

अडचण आली ती पहिल्या टेकलाच. काकांनी सात मात्रा म्हटल्यावर साहजिकच रूपक ताल धरला: ती ती ना । धी ना । धी ना. माझा पियानो आणि बास २-२-३ नं चालले होते, त्यांचा ठेका ३-२-२ नं. दोघं क्लिकवर (कानातल्या ठोक्यांवर) अचूक, आणि तरीही ऐकताना कुणीतरी पायरी चुकल्यासारखं. मी म्हटलं, "काका, एक इथे आहे, ठकवर." त्यांनी हात थांबवला. "पोरी, तू एक कुठून मोजून राहिली? जिथं डग्गा नाही तिथं रूपकची सम असते. तुह्या गाडीत जिथं काही वाजत नाही, तिथं माही सम आहे."

मी पुन्हा ऐकलं. रूपकाची समच 'खाली', म्हणजे रिकामी. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याची (डाव्या हाताच्या, जाड आवाजाच्या वाद्याची) घुमक नाही, ती नंतरच्या दोन-दोन मात्रांत येते. माझ्या गाडीत भरीव दोन-दोन आणि मग रिकामे तीन. म्हणजे वर्तुळ तेच, फक्त त्यांनी एक रिकाम्या जागेपासून मोजला आणि मी आवाजापासून. वाद 'एक' कुठे म्हणायचा एवढाच. पण हा वाद नुसता शब्दांचा नाही. तबलजीची तिहाई (तीनदा वाजवलेला तुकडा) त्याच्या समेवर संपणार, माझा बास माझ्या समेवर पडणार, आणि चित्रातला कट या दोन्हींपैकी एकावरच येणार.

मधला उपाय म्हणून तेवरा ताल करून पाहिला: धा दीं ता । तिट कत । गदि गन. मात्रा सात, विभाग रूपकाचेच, पण समेवर भरीव धा. पखवाजाचे खुले बोल काकांनी तबल्यावर सुरेख काढले. पण त्यानं गाडीची पोकळी बुजली. ध्रुपदाचा भारदस्तपणा आला आणि छोटी गाडी एकदम मोठी झाली. तेवरा मला अतिशय आवडतो, तरी इथे तो नको होता.

त्याच वेळी दुसरीकडे क्लॅरिनेटवाल्या भाऊंचं वेगळंच चाललं होतं. आयुष्यभर बँडमध्ये चार आणि सहाच्या चाली वाजवलेला माणूस. सूर देखणा, पण सातव्या मात्रेनंतर त्यांच्या अंगात आठवी यायचीच. एक-दोन-तीन मोजून जमेना. बोल म्हणूनही जमेना. भाऊ मूळचे भिवापूरकडचे, लहानपणी याच गाडीनं नागपूरला आलेले. बाहेर ओसरीवर पाणी पिताना ते मित्राला सांगत होते की मिरचीच्या पोत्यांवर बसून कसे यायचे, कोणकोणती स्टेशनं लागायची. "भिवापूर, मग उमरेड, मग कुही..." मधली बारकी स्टेशनं त्यांनी गाळली. मी दारात उभी होते. भि-वा-पूर. उम-रेड. कु-ही. तीन, दोन, दोन!

आत येऊन त्यांना म्हटलं, "भाऊ, मोजू नका. स्टेशनं म्हणा." त्यांनी मनातल्या मनात म्हटली, पायानं धरली, आणि तिसऱ्या टेकला सूर तालात बसला. आठवी मात्रा पुन्हा आली नाही. काका हसले आणि म्हणाले, "आता कसं जमून राहिलं!" मग त्यांनी ठेका धरून तोंडानं स्टेशनं म्हणायला सुरुवात केली. ती ती ना म्हणजे भिवापूर, धी ना म्हणजे उमरेड, धी ना म्हणजे कुही.

आणि मग मला जे दिसलं ते लिहिताना आजही अंगावर काटा येतो. हा क्रम नागपूरकडे येणाऱ्या गाडीचा. नागपूरहून निघालेल्या गाडीला आधी कुही लागतं, मग उमरेड, मग भिवापूर. कु-ही, उम-रेड, भि-वा-पूर. दोन, दोन, तीन. म्हणजे मी मोजत होते ती जाणारी गाडी आणि काका मोजत होते ती येणारी.

माहितीपटाची रचना तशीच होती: पहिला अर्धा भाग इतवारीहून निघतो, दुसरा परत येतो. मग भांडण मिटवायची गरजच राहिली नाही. जाताना २-२-३: तबला नाही, फक्त खंजेरी, दाबून वाजवलेला पियानो, आणि बास ठकवर. खंजेरी घेतली कारण विदर्भात तो आवाज घरचा आहे. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो गावोगावी पोचवलाय. येताना ३-२-२: काकांचा रूपक, आणि बास रिकाम्या जागेच्या सुरुवातीला. चार स्वर तेच, त्याच वेगात, ठक-ठकीच्या मानानं त्याच जागी. पण जाताना ती सुरावट समेकडे नेते, म्हणून पोचल्यासारखी वाटते. येताना ती समेवरच सुरू होते, म्हणून निघाल्यासारखी वाटते. म्हणजे नागपूरला परतणारी गाडी ऐकताना कुणीतरी मागे सोडून आल्यासारखं होतं. हे मी योजलं नव्हतं. सम फिरवली आणि अर्थ फिरला.

चित्राशी जुळवतानाही स्टेशनं कामाला आली. जाण्याच्या भागात एक फाटक बंद होतं. दांडा खाली टेकतो तो क्षण तुकडा सुरू झाल्यापासून ३१ सेकंद ११ फ्रेमवर. सुरावटीचा चौथा स्वर नेमका तिथे पडायला हवा होता. १५ आवर्तनं म्हणजे ३० सेकंद. सोळावं पूर्ण घेतलं तर ३२. वेग २१४ च्या आसपास नेला असता तरी जमलं असतं, पण तळाशी गाडीचा खरा आवाज बसवलेला होता, तो पुन्हा ताणायचा नव्हता. म्हणून सोळाव्या आवर्तनातून दोन मात्रा काढल्या: कुही, भिवापूर. उमरेडला गाडी थांबली नाही. पाच मात्रांना १.४३ सेकंद लागतात, ते ३० मध्ये मिळवले की दांडा खाली टेकतो त्याच फ्रेमला वरचा सा. मध्ये काही गाळलंय हे कुणाला जाणवत नाही, कारण चढणारे तीन स्वर शाबूत आहेत. खंजेरीवाल्या मुलाला कागदावर मी एवढंच लिहून दिलं होतं: 'सोळाव्याला उमरेड नाही.' पहिल्याच टेकला ओके.

मधल्या दृश्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उमरेडच्या कोळशापाशी सुरावट खालच्या सप्तकात गेली, भिवापूरच्या मिरचीच्या ढिगांवर पियानोनं ती निम्म्या वेगात घेतली. एका जागी स्वर काढून टाकून फक्त तिची लय खंजेरीवर ठेवली. २४ मिनिटांत सुरावट एकूण ९ ठिकाणी येते. मी आधी १४ ठिकाणी घातली होती. पाच काढल्यावर उरलेल्या नऊ ठिकाणी ती ओळखीची वाटायला लागली.

मतभेद झाला शेवटावर. शेवटचं दृश्य रूळ उखडल्यानंतरच्या मोकळ्या पट्टीचं. इथे मोठ्या लाइनचं काम होणार होतं. मित्राचं म्हणणं होतं, "आता ताल सरळ होऊ दे, चारचा. छोटी संपली, मोठी आली." विचार समजण्यासारखा होता, आणि मी तो करून दाखवला: तेच चार स्वर चार मात्रांत, एकाला एक. ऐकायला गोड, पण एखाद्या योजनेच्या जाहिरातीसारखं वाटायला लागलं. शिवाय तो सरळपणा खोटा होता. मी नागपूरच्याच मोठ्या लाइनच्या कडेला, सुरक्षित अंतरावर, एका संध्याकाळी तासभर उभी राहून ऐकलं. आता रूळ वेल्डिंगनं लांबच लांब जोडलेले असतात, सांधे जवळपास उरलेलेच नाहीत. गाडी येते, एकसलग गर्जना होते, गाडी जाते. ठक नाही, पोकळी नाही, मोजायला काहीच नाही. मोठ्या लाइनला चार मात्रा नाहीत आणि आठही नाहीत. तिला आवर्तनच नाही.

म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत ताल ठेवला नाही. एक खर्ज (खालचा सा), लांब, न तुटणारा, आणि त्यावर भाऊंचं क्लॅरिनेट आलापासारखं मोकळं. कोमल ग, म, प. थांबायचं. पुन्हा कोमल ग, म, प. वरचा सा नाही. ज्या ठकवर तो येऊन पडायचा ती ठकच आता उरलेली नाही. मित्रानं दोन वेळा विचारलं, "शेवटी एकदा तरी सा येऊ दे ना? लोक वाट बघतील." मी म्हटलं, वाट बघू दे. ते तसंच ठेवलं. भाऊंना मात्र हे वाजवणं जड गेलं. ते म्हणाले, "बोट आपोआप उठून राहिलं वर जायला." टेकमध्ये तिसऱ्या प नंतर त्यांच्या क्लॅरिनेटच्या चावीचा बारीकसा आवाज आहे, बोट उठलं आणि परत टेकलं त्याचा. मिक्स करताना तो मी पुसला नाही.

पहिला खेळ एका छोट्या सभागृहात झाला. नंतर लोक गाडीबद्दल बोलले, मिरचीबद्दल बोलले, एका आजोबांनी तिकिटाच्या पुठ्ठ्याबद्दल सांगितलं. सात मात्रांबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि मला तेच हवं होतं. दोघा-तिघांनी मात्र विचारलं की शेवटी संगीत अर्धवट का सोडलं. म्हणजे चौथा स्वर त्यांच्या कानात बसला होता.

एक चूक उरली होती, ती नंतर कळली. मित्रानं माहितीपट ओळखीच्यांना मोबाईलवर पाठवला. काकांचा फोन आला, "येतानाच्या भागात सम कुठं गेली? मले तर दोन्ही भाग सारखेच ऐकू येऊन राहिले." मोबाईलच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळपास ऐकूच येत नाहीत, आणि माझी सम तर सगळी बासवर टेकलेली. सभागृहात जी फिरलेली सम अंगावर यायची, ती फोनवर नाहीशीच झाली होती. मग वेगळं मिक्स केलं. बासच्या प्रत्येक ठोक्यावर पियानोचा तोच स्वर दोन सप्तकं वर, अगदी हलका, आणि डग्ग्याच्या घुमकेबरोबर बोटाचा वरचा आघात थोडा पुढे आणला. ते काकांना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. आधी नुसता मांडीवरचा ठेका, मग तोंडानं भिवापूर, उमरेड, कुही, आणि मग, "हो, आता आली."